अण्णांना विचारा: नळ कुणाचा, टॅक्स कुणाला?

मागच्या अंकात मी सहज दोन ओळी लिहून गेलो, की माझा भाचा अमेरिकेत जिथं राहतो तिथं शहराचे आणि काउंटीचे (म्हणजे तिकडच्या जिल्ह्याचे) पोलिस एकच आहेत, आणि तिकडं कितीतरी गावात शहर आणि काउंटी मिळून सेवा एकत्र करायच्या का यावर सारखी चर्चा चाललेली असते, तर आपल्याकडं महापालिका आणि जिल्हा परिषदेनं असं काही केलं तर काय होईल? बास, एवढंच लिहिलं होतं. त्यावर इतके प्रश्न आले की यावेळी पेन्शनचे आणि वारस नोंदीचे सगळे प्रश्न बाजूला ठेवावे लागले, त्या मंडळींनी राग मानू नये.

नव्या वाचकांसाठी सांगतो, माझी नोकरी सगळी ग्रामसेवक म्हणून गेली आणि रिटायर होऊन राहतोय सोलापूरच्या हद्दवाढ भागात (शहराची हद्द वाढवून आत घेतलेल्या गावांचा पट्टा). म्हणजे दोन्ही पंगतीत बसलेला माणूस आहे मी. तेव्हा जे लिहिलंय त्यात माझा थोडा कल दिसेल, तो दिसू दे.

अण्णा, काउंटी म्हणजे आपली जिल्हा परिषदच ना? मग एकत्र करण्यात एवढं काय अवघड आहे? (एक वाचक, दमाणी नगर)

दिसायला तशीच, पण एक मोठा फरक आहे आणि तो कळला नाही तर पुढचं सगळं डोक्यावरनं जातंय. आपली जिल्हा परिषद 1961 च्या कायद्यानं आली, 1 मे 1962 पासून कारभार सुरू. सोलापूरची महापालिका झाली 1 मे 1964 ला. आता झेडपीचं ऑफिस शहराच्या मधोमध आहे, पण शहरात तिची सत्ता शून्य. तुम्ही दमाणी नगरवाले झेडपीला मत देत नाही, टॅक्स देत नाही, ती तुमच्या गल्लीत नळ टाकू शकत नाही. शहराची हद्द संपली की तिचं राज्य सुरू. मुंबईच्या दोन्ही जिल्ह्यांत तर गावच उरलं नाही म्हणून जिल्हा परिषदच नाही, राज्यात जिल्हे 36 आणि जिल्हा परिषदा 34.

अमेरिकेत बहुतेक ठिकाणी उलटं आहे. काउंटी आख्ख्या भागावर पसरलेली आणि शहर तिच्या पोटात. शहरात राहणारा माणूस शहरालाही टॅक्स देतो आणि काउंटीलाही. कोर्ट, जेल, जमिनीच्या नोंदी, मतदानाची व्यवस्था काउंटीकडं, आणि पाणी, कचरा, गल्लीतला पोलिस शहराकडं, त्यात परत काउंटीचा शेरीफ (तिकडचा पोलिसप्रमुख) वेगळा. त्यामुळं तिथल्या माणसाला वाटतं की माझ्या एकाच घरासाठी ही दोन दुकानं कशाला चालवताय, एक करा की.

आपल्याकडं दोन घरं, दोन दुकानं आणि मधी एक भिंत. म्हणून आपल्याकडं फायदा झाला तर तो भिंतीपाशी अडलेल्या कामांचा होईल, पाइप वेशीपर्यंत येऊन थांबलाय, बस वेशीवरनं परत फिरतीय, आगीचा बंब कुणी पाठवायचा यावर फोनाफोनी चाललीय, असली कामं. डबल खर्च वाचायचा मुद्दा आपल्याकडं फार नाही.

आणि हो, पंढरपूर, बार्शी असल्या नगरपालिका 1965 च्या वेगळ्या कायद्याखाली येतात, त्यांना यात ओढू नका. नाहीतर माझा हा आख्खा कॉलम कायद्याचं पुस्तक होऊन बसेल.

आम्ही टॉवेलवाले. भावाचं आणि माझं अशी दोन युनिट एकत्र केली तेव्हा अकाउंटंट एक झाला, वॉचमन एक झाला, गाडी एक झाली, खर्च खरंच कमी झाला. सरकारचं पण तसंच वाचत असणार ना? अमेरिकेत किती वाचले? (एक कारखानदार, अक्कलकोट रोड)

शेठ, तुम्ही मालक आहात, एक वॉचमन कमी करू शकता. सरकारात असं होत नाही.

दोन खाती एक केली की पहिल्यांदा काय होतं सांगू का, पगाराची बरोबरी. एकाच टेबलावर बसलेल्या दोन क्लार्कांचा पगार वेगळा असून चालत नाही, आणि बरोबरी कधी खालच्या पगाराला होत नाही, वरच्याला होते. मग दोघांचे नियम वेगळे, बढतीच्या याद्या वेगळ्या, कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर वेगळं, ते जुळवण्यात पुढची दोन-तीन वर्षं जातात. त्यामुळं तिकडं एकत्र करायचं का यावर जे मतदान होतं त्याच्या आधी जेवढी बचत सांगितली जाते तेवढी नंतर फारशी दिसत नाही, असंच तिकडच्या बहुतेक अभ्यासकांचं म्हणणं आहे. तिथं तीन हजारावर काउंट्या आहेत आणि पुरत्या एक झालेल्या चाळीसच्या आसपास, यावरनं काय ते समजा. कितीतरी ठिकाणी लोकांनी मतदान करून नको म्हणलंय.

लुईव्हिल नावाचं शहर आहे केंटकी राज्यात. तिथं 1982 ला लोकांनी नाकारलं, 1983 ला परत नाकारलं, शेवटी 2000 साली हो म्हणाले आणि 2003 पासून शहर आणि जेफरसन काउंटी एक झाली. पण त्या काउंटीत ऐंशीच्यावर छोट्या छोट्या नगरपालिका होत्या, त्या तशाच राहिल्या! एकत्रीकरण म्हणे. इंडियानापोलिसला 1969 ला राज्याच्या विधिमंडळानं थेट कायदा करून 1970 पासून लागू करून टाकला, लोकांना विचारलंच नाही, तरी शाळा वेगळ्या राहिल्या, चार गावं बाहेर राहिली, आणि शहराचे पोलिस आणि शेरीफकडचे पोलिस एक व्हायला 2007 उजाडलं. सदतीस वर्षं. आपल्याकडं उड्डाणपुलाला उशीर झाला की आपण लगेच सोलापूरला नावं ठेवतो.

सेंट लुईसची तऱ्हाच वेगळी. 1876 ला शहरानंच काउंटीशी काडीमोड घेतला, की गावाकडच्या खर्चाचं ओझं आम्हाला नको. नंतर लोक राहायला गेले शहराच्या बाहेर, पैसा पण तिकडंच गेला, आणि आता शहराला वाटतं परत एक व्हावं. 2019 ला असा एक मोठा प्रस्ताव आला होता, तो मतदानाला जायच्या आधीच मागं घ्यावा लागला.

मला मनापासून आवडलं ते नॅशव्हिल. तिथं 1958 ला लोकांनी नाकारलं, 1962 ला मान्य केलं, 1963 पासून शहर आणि डेव्हिडसन काउंटी एक. पण त्यांनी एक हुशारी केली. टॅक्सचे दोन पट्टे पाडले. सगळ्यांना लागणारं जे असतं, म्हणजे शाळा, कोर्ट, पोलिस वगैरे, त्याचा एक दर आख्ख्या काउंटीला. आणि रस्त्यावरचे दिवे, घरोघरचा कचरा असल्या शहरी सोयी जिथं खरंच पोचल्यात तिथंच वरचा दर. सोय पोचली की तुमचा भाग वरच्या पट्ट्यात जातो. दिवा आधी लागतो आणि मग बिल येतं. हे वाक्य मी मुद्दाम लिहिलंय, खालच्या प्रश्नात त्याचं काम आहे.

माझा भाचा शार्लटला असतो. तिथं दोन्ही सरकारं वेगळीच आहेत, फक्त एकेक खातं जोडलंय. पाण्याचं खातं 1972 पासून एक, पोलिस 1993 पासून एक. बोर्ड नाही बदलला, कामं जोडली. शेठ, तुमच्या भाषेत सांगायचं तर युनिट दोनच ठेवली, डाईंग हाऊस तेवढं एक केलं.

1992 ला आमचं गाव शहरात घातलं, तेव्हा वडील म्हणायचे आता आपलं नशीब उघडलं. मी आता पन्नाशीला आलो. ते नशीब कुठं राहिलं हो अण्णा? आणि परत हे एकत्र करा, ते एकत्र करा कशाला? (एक वाचक, शेळगी)

तुमचं पत्र दोनदा वाचलं. कारण त्या वेळी मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला होतो.

1992 ला सोलापूर 33 चौरस किलोमीटरवरनं एकदम 178 वर गेलं. बाळे, शेळगी, दहिटणे, सोरेगाव, कुमठे, मजरेवाडी, सगळा पट्टा एका फटक्यात शहर झाला. रेघ ओढायला काय लागतं, नकाशा आणि नोटिफिकेशन. पण साडेपाच पट जमिनीला पाइप, गटार, रस्ता, दिवा द्यायचा म्हणजे पैसा पण त्या मापात लागतो, आणि तेव्हा सोलापूरच्या गिरण्यांचे भोंगे एकेक करून बंद पडायला लागले होते. शहर रुंद होत होतं आणि खिसा आखडत होता, असा तो काळ.

माझं वय तेव्हा तीस. एका गावचं दप्तर द्यायचं होतं (गावाचं नाव लिहीत नाही, तिथं अजून सोयरे आहेत). लाल फडक्यात बांधलेली रजिस्टरं, नमुना आठ, जन्म-मृत्यू, घरपट्टीची मागणी, सगळं टेबलावर मांडून मी आणि शिपाई सकाळी दहापासून याद्या करत बसलो होतो. दुपारी एक म्हातारे बाबा आले, दारातच बसले, काही बोलेनात. शेवटी विचारलं, बाबा काय काम? तर म्हणाले, "काम काही नाही साहेब, आता दाखला कुठं मिळायचा तेवढं सांगा." मी ऐटीत सांगितलं, आता शहरात मिळणार, आणि नळ पण येणार घरोघर. माझ्या तोंडचं वाक्य आहे ते. कुणी मला तसं सांगायला सांगितलेलं नव्हतं, मला खरंच तसं वाटत होतं.

पुढं मीच हद्दवाढीत गुंठेवारीतला प्लॉट घेतला आणि घर बांधलं. तर टॅक्सची पावती आली, आणि पाणी टँकरनं. बायकोनं बॅरलवर लाल ऑईलपेंटनं आमचं आडनाव लिहिलं होतं, कारण टँकर आला की गल्लीत कुणाचं बॅरल कुठलं हे कळायचं नाही, आणि पाइप कुणाच्या बॅरलात आधी यावरनं जी भांडणं व्हायची ती मी इथं लिहू शकत नाही. ते बॅरल अजून आहे, गच्चीवर, आता त्यात कडीपत्ता लावलाय. बांधकामाच्या कागदासाठी मी एका ऑफिसात इतक्या खेपा मारल्या की तिथला चहावाला मला "आलात का सर" म्हणायला लागला. मी स्वतः सरकारी माणूस असून ही गत, बाकीच्यांचं काय सांगावं.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर. 1992 ला हद्द एक झाली, सेवा एक झाल्या नाहीत. टॅक्स आधी आला आणि नळ मागनं चालत आला. म्हणून मी म्हणतोय की आता उलट्या बाजूनं जा. आधी पाइप जोडा, बस जोडा, बंब जोडा, बोर्ड कुणाचा लावायचा ते नंतर बघू. आणि टॅक्स नॅशव्हिलसारखा, जिथं जे पोचलं तिथं तेवढाच. आपल्या कायद्यात नव्यानं शहरात आलेल्या भागाचा टॅक्स टप्प्याटप्प्यानं वाढवायची सोय आहे, पण तो टप्पा वर्षांवर मोजतात, नळावर नाही. तिथंच घोळ आहे बघा.

अण्णा, आम्ही कुंभारीच्या घरकुलात राहतो. आई विड्या वळते, मी गावात मोबाईलच्या दुकानात कामाला. शहरातला माणूस म्हणतो तुम्ही ग्रामपंचायतवाले, आणि गाववाले म्हणतात तुम्ही सोलापूरचे. पाणी आणि बस कुणाला मागायची? (एक वाचक, कुंभारी)

हा खरा प्रश्न. बाकीचे सगळे प्रश्न याच्यापुढं गप्पा आहेत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. कुंभारी दक्षिण सोलापूर तालुक्यात, शहराच्या हद्दीबाहेर. तिथं आधी विडी कामगार बायकांची गोदूताई परुळेकर वसाहत झाली, दहा हजार घरांची, 2006 ला घरं मिळाली. मग त्याच बाजूला रे नगर, आख्खा प्रकल्प 30,000 घरांचा, त्यातल्या पहिल्या 15,000 घरांच्या चाव्या पंतप्रधानांच्या हस्ते 19 जानेवारी 2024 ला दिल्या. घरात पाच माणसं धरली तरी हे एक बऱ्यापैकी तालुक्याचं गाव झालं की हो, आणि कागदावर ती ग्रामपंचायतीची हद्द. आणि ही माणसं गावाकडची नाहीत, ती शहराच्या पूर्वभागातल्या दहा बाय दहाच्या खोल्यांतनं तिथं गेलेली आहेत. पान, तंबाखू आणायची शहराकडं, वळलेल्या विड्या कारखान्याच्या शाखेत द्यायच्या शहराकडं, पोराचं कॉलेज शहरात, सिव्हिल हॉस्पिटल शहरात. एकटं घर तेवढं रेघेच्या पलीकडं.

आता बस. सिटी बस महापालिकेच्या परिवहनची, तिचा तोटा शहराच्या टॅक्समधनं भरायचा, मग नगरसेवक विचारणारच की बाहेरच्या गावाला गाडी का सोडता. एसटी म्हणणार हे अंतर सिटी बसचं. मधल्या मधी सहा आसनी आणि शेअर रिक्षावाल्यांची चांदी. पुण्याला हाच प्रश्न होता. पुण्याची पीएमटी वेगळी, पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी वेगळी. 2007 ला दोन्ही मिळून पीएमपीएमएल कंपनी केली, वाटा पुण्याचा 60 टक्के आणि पिंपरीचा 40, तोटा पण त्याच मापात वाटून घ्यायचा. महापालिका दोन्ही वेगळ्याच राहिल्या, आयुक्त वेगळे, महापौर वेगळे, फक्त बस एक. पीएमपीला शिव्या देणारे पुणेकर मी रोज ऐकतो, पण निगडीतनं बसलेला माणूस वेशीवर उतरून दुसरी बस शोधत नाही हे तर खरं ना? सोलापूरचं नाव केंद्राच्या ई-बस योजनेत आहे, त्या गाड्यांबरोबरच हा वाट्याचा कागद झाला तर बरं, नंतर कुणी करत नसतंय.

पाण्याचं याहून सोपं आहे आणि याहून अवघड पण. सोपं असं, की वेशीवर एक मोठं मीटर बसवायचं, पलीकडं किती गेलं ते मोजायचं, त्याचं बिल पलीकडच्या संस्थेला, आतलं वाटप तिचं तिनं बघायचं. दर आधी ठरलेला, लेखी, पाच-दहा वर्षांचा. अवघड असं, की ज्या शहराला स्वतःला वर्षानुवर्षं चार-पाच दिवसाआड पाणी मिळत आलंय ते शेजाऱ्याला काय देणार. पण इथं एक गंमत बघा. सोलापूरचा पाण्याचा मोठा स्रोत एक पण शहराच्या हद्दीत नाही. उजनी तिकडं माढ्यात, टाकळीचं पाणी भीमेवरच्या औज बंधाऱ्यातलं, आणि हिप्परग्याचा एकरूख तलाव, 1871 चा, तो पण उत्तर सोलापूर तालुक्यात. औज बंधारा भरायला उजनीतनं नदीत पाणी सोडतात, ते इतक्या लांबनं येतं की बरंचसं वाटेतच जिरतं नाहीतर उडून जातं, आणि मधल्या शेतकऱ्यांनी मोटारी लावू नयेत म्हणून नदीकाठची वीज कमी करतात. म्हणजे शहराची तहान भागवायला गाववाल्यानं मोटार बंद ठेवायची, आणि गाववाल्यानं प्यायला मागितलं की हद्द आडवी येणार. म्हणून उजनीच्या समांतर जलवाहिनीचं पाणी पुरतं मिळायला लागलं की पहिल्या दिवसापासून त्यात वेशीलगतच्या वसाहतींचा हिस्सा मोजून ठेवा, असं माझं म्हणणं आहे. भीक म्हणून नको, मीटर लावून, बिल देऊन.

तुम्ही आत्ता कुणाला मागायचं? आधी ग्रामपंचायतीच्या ग्रामसभेत ठराव करून घ्या, त्याची प्रत गटविकास अधिकाऱ्याला, आणि तीच प्रत महापालिका आयुक्तांना, खाली दोघांच्या प्रती दोघांना दिल्याचं लिहून. एकाला वेगळं पत्र आणि दुसऱ्याला वेगळं पत्र कधी देऊ नका. दोन पत्रं दिली की दोघंही दुसऱ्याकडं बोट दाखवतात, अनुभवाचं बोलतोय, मी स्वतः खुर्चीत बसून दाखवलंय.

आमची झेडपीची शाळा आणि एक किलोमीटरवर महापालिकेची शाळा. एकत्र केलं तर आमची सीनियॉरिटी जाणार का? (एक शिक्षिका, मार्डी रोड)

बाई, इतक्यात कुणी हात लावत नाही, घाबरू नका. इंडियानापोलिसवाल्यांनी पण शाळेला हात लावला नव्हता, ते काही उगाच नाही. पण पोरांना वेस नसते एवढं लक्षात ठेवा, शिक्षण हक्क कायद्यात (आरटीई) पहिली ते पाचवीला एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीला तीन किलोमीटरच्या आत शाळा पाहिजे, ती कुणाची हे पोरगं विचारत नाही. आपल्याकडं मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशी चार माध्यमं, त्यातलं एखादं पोरगं वेशीपलीकडं जातंच.

मी एका शेजारच्या गावचा सरपंच. नाव छापू नका. तुम्ही शहरवाले आमच्या बाजूला कचरा टाकता, आमच्याकडनं पाणी नेता, आणि आता म्हणता एकत्र या. आम्हाला काय मिळणार? रोजगार हमी जाणार, सरपंचपद जाणार, घरपट्टी वाढणार.

सरपंच, तुमचं म्हणणं मी खोडून काढणार नाही, कारण त्यातलं बरंच बरोबर आहे. गाव शहरात गेलं की ग्रामपंचायत बरखास्त, रोजगार हमीची कामं बंद, घरकुलाची ग्रामीण यादी बंद, पाण्याची गावांसाठीच्या जलजीवन योजनेची वाट बंद आणि शहरांसाठीच्या अमृत योजनेच्या रांगेत परत मागनं उभं राहायचं. नऊ-अकरा सदस्यांचं गाव एका प्रभागात विरघळून जातं. नॅशव्हिलला पण काळ्या वस्तीतल्या लोकांना हीच भीती होती, की इतकी वर्षं गोळा केलेलं आमच्या मतांचं वजन बाहेरच्या गर्दीत हलकं होणार. म्हणून त्यांनी 40 जणांचं मोठं सभागृह ठेवलं, त्यातले 35 वॉर्डातनं. तरी ती भीती पुरती गेली असं नाही.

कोल्हापूरला बघा. 1972 ला महापालिका झाली आणि तेव्हापासून हद्दवाढ म्हणलं की एका बाजूला शहर बंद आणि दुसऱ्या बाजूला गावं बंद. शेवटी 2017 ला 42 गावांसाठी वेगळं नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण काढलं. पुण्यात 2017 ला 11 गावं घेतली, 2021 ला 23 घेतली, आणि मग त्यातलीच फुरसुंगी आणि उरुळी देवाची परत बाहेर काढून वेगळी नगरपरिषद केली. लग्न लावायचं, मोडायचं, परत मांडव घालायचा, वाजंत्रीवाल्याचा तेवढा धंदा होतो.

म्हणून मी तुम्हाला शहरात या म्हणतच नाही. तुमचं सरपंचपद ठेवा, रोजगार हमी ठेवा. पण आग लागली तर? तुमच्या गावात कडब्याची गंज पेटली की तुम्ही फोन कुणाला करता, महापालिकेच्या बंबालाच ना? तो येतो, माणुसकीनं येतो, पण त्याला यायला बांधील करणारा आणि त्याच्या डिझेलची सोय करणारा कागद पाहिजे. भटकी कुत्री घ्या. कुत्र्याला हद्द वाचता येत नाही. शहरानं नसबंदीची मोहीम काढली आणि वेशीपलीकडं काढली नाही तर पुढच्या वर्षी परत तेवढीच. कचऱ्याचं तर तुम्ही उलट पैसे मागा. तुळजापूर रोडच्या डेपोचा वास आणि धूर ज्या गावांना जातो त्यांचा घंटागाडीचा कचरा त्याच प्रक्रियेत घ्या म्हणा, दर कमी लावा म्हणा. भांडायचंय तर असल्या मुद्द्यावर भांडा, आंदोलनवाले बसतात त्या पूनम गेटवर बसा, मी तुमच्यासाठी चहा घेऊन येतो.

हे सगळं ठरवणार कोण? आपल्याला मतदान असतं का याच्यावर? (एक कॉलेजची विद्यार्थिनी, जुळे सोलापूर)

नाही. अमेरिकेत बहुतेक वेळा लोकांचं मत घेतात, आपल्याकडं हद्द बदलायची असेल तर महापालिकेचं मत विचारून राज्य सरकार नोटिफिकेशन काढतं, हरकती-सूचना मागवतं, पेपरात बारीक अक्षरात येतं ते. हरकत द्यायची मुदत असते ती मात्र पाळायची. आपल्या सोलापुरात 2022 ला महापालिका आणि झेडपी दोन्हींची मुदत संपून पुढं काही वर्षं प्रशासकच होते, म्हणजे विचारायला कोण होतं हा पण प्रश्नच.

एक जागा मात्र आहे जिथं शहर आणि गाव आत्ता पण एका टेबलाला बसतात आणि आपल्याला ते कुणी सांगत नाही. जिल्हा नियोजन समिती. राज्यघटनेच्या 74 व्या दुरुस्तीनं आली, तिच्यात पाचातले चार सदस्य निवडून आलेले पाहिजेत, आणि ते जिल्हा परिषद आणि शहरांतनं, लोकसंख्येच्या मापात. गाव आणि शहर यांच्यात पाण्याची आणि बाकी साधनांची वाटणी कशी करायची हे बघणं घटनेनंच तिच्यावर टाकलंय. पालकमंत्री येतात, निधीचे आकडे पेपरात येतात, तेवढंच आपण वाचतो. वेशीवरच्या कामांची यादी करायला याहून बरी जागा नाही, तुम्ही पोलिटिकल सायन्सवाल्या असाल तर यावरच प्रोजेक्ट करा.

अण्णा, माझं घर बरोबर हद्दीवर आहे. शेजारी म्हणतात स्वयंपाकघर महापालिकेत आणि पडवी ग्रामपंचायतीत. दोन्हीकडनं पावत्या येतात, घंटागाडी मात्र एक पण येत नाही. टॅक्स कुठं भरू? (एक वाचक, सोरेगावच्या पुढं)

हसू नका कुणी, असली घरं मी पाहिलीत.

हद्द घरावरनं जात नसते, गट नंबरवरनं जाते. हद्दवाढीच्या नोटिफिकेशनमधे गट नंबरांची यादी असते, तुमचा गट त्यात आहे का नाही एवढंच बघायचं. सातबारा आणि खरेदीखत घेऊन आधी भूमी अभिलेखला जा, मोजणीचा नकाशा काढा, त्यावर रेघ दिसली की जो गट ज्या बाजूला त्याच बाजूला टॅक्स. दुसरीकडं जे भरलंय त्याच्या पावत्या टाकून देऊ नका, अर्जाला जोडा आणि मागणी रद्द करा म्हणून लिहा. तोपर्यंत दोन्हीकडच्या पावत्यांवर हरकतीचा अर्ज देऊन पोच घ्या, शिक्क्यासकट, तारीख वाचता आली पाहिजे असा शिक्का. घंटागाडीसाठी स्वयंपाकघराच्या बाजूनं हाक मारून बघा. आणि शनिवारी जाऊ नका, बंद असतं.